मुंबई अजून किती दूर?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, मग पाहुणे झाले, मग आळस झाला. पण एक विषय महिनोन्‌महिने डोक्यात घोळतो आहे. तो आज लिहून टाकतो.

आमच्या अमरावतीला विमान आलं ही बातमी बाहेरगावच्या मंडळींना आता जुनी झाली असेल. १६ एप्रिल २०२५ ला बेलोऱ्याच्या १८५० मीटरच्या धावपट्टीवरून मुंबईचं पहिलं नियमित प्रवासी विमान उडालं. त्याच वर्षी जुलैत आम्ही दोघं मुंबईला गेलो. दोन पंख्यांचं एटीआर विमान. वर पोचलो आणि खिडकीबाहेर नुसता पिंजलेला कापूस. खाली शेत नाही, नदी नाही, काही नाही. तासाभरानं वैमानिकानं सांगितलं की आपण आता खाली उतरायला सुरुवात करत आहोत. विमान ढगात शिरलं आणि खडखड हलायला लागलं. ही माझा हात धरून म्हणाली, "अहो, आपल्याला तं काहीच दिसून नाही राहिलं. त्याले कसं समजते मुंबई किती दूर आहे ते?"

चाळीस वर्षं नोकरी केलेल्या मास्तरला बायकोच्या प्रश्नाचं उत्तर येऊ नये ही लाजिरवाणी गोष्ट. पण माझं बी.ए. मराठी आणि इतिहासाचं. मी आपला "यंत्र असतं त्यांच्याकडे" असं म्हणून वेळ मारून नेली.

माझा एक भाचा विमानतळांवरच्या रेडिओ यंत्रांची देखभाल करतो. (नाव घालू नका म्हणाला, म्हणून घालत नाही.) मुंबईत त्याला हाच प्रश्न विचारला. तो हसला नाही, उलट म्हणाला, "मामा, तुम्ही जे विचारून राहिले ना, त्याच्यापायी लोक मेले आहेत." आणि त्यानं मला दवंड्याच्या डोंगराची गोष्ट सांगितली.

ती सांगण्याआधी थोडं मागं जातो.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला विमान आणलं, तेव्हा त्यांच्याकडे रेडिओ नव्हता. खाली किनारा, नद्या आणि रेल्वेचे रूळ बघायचे आणि नकाशाशी ताडायचे. पावसाळ्यात जुहूची जमीन चिखल व्हायची, मग मुक्काम पुण्याला हलायचा. आमच्या अकोल्याची शिवणीची धावपट्टी १९४३ ची, म्हणजे युद्धकाळातली. तीही अशाच डोळ्यांवर चालणाऱ्या विमानांसाठी.

युद्धानंतर रात्रीचं उड्डाण आलं. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास, चारही दिशांची विमानं मध्यरात्री नागपूरला एकत्र यायची, टपालाच्या थैल्या बदलायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतायची. मुंबईचं विमान आमच्या वऱ्हाडच्या आकाशातूनच जायचं. उन्हाळ्यात गच्चीवर झोपलेलो असताना तो घुंघुं आवाज ऐकल्याचं मला आठवतं. "टपाल चाललं," असं आजी म्हणायची.

आता ह्या वैमानिकांना अंधारात दिशा कोण सांगायचं? जमिनीवरचा रेडिओ बीकन. विमानातल्या यंत्राचा काटा त्या बीकनकडे वळतो. काट्याच्या मागं जात राहा, गावावर पोचाल. डोक्यावरून पुढं गेलात की काटा उलटा फिरतो. छान व्यवस्था. पण तो काटा दिशा सांगतो, अंतर सांगत नाही. बीकन दहा मैलांवर असो की शंभर, काटा तसाच उभा. दुसऱ्या बीकनचीही दिशा घ्यायची, नकाशावर दोन रेघा काढायच्या, त्या जिथं छेदतील तिथं आपण. नाहीतर घड्याळ बघायचं, वेग गुणिले वेळ. चौथीतलं गणित. पण वारा मागून आहे की समोरून, हे त्या गणितात बसत नाही.

अंतराशिवाय उतरणं म्हणजे अंधारात जिना उतरणं. पायऱ्या संपल्या असं वाटून पाय टाकावा आणि अजून चार पायऱ्या असाव्यात. इथं फक्त उलटं होतं, जमीन वर येते. १२ जुलै १९४९ ला केएलएम कंपनीचं कॉन्स्टेलेशन विमान सांताक्रूझला उतरताना पावसाळी ढगांत घाटकोपरच्या टेकडीवर आदळलं. ४५ माणसं गेली, त्यात अमेरिकेतले नामवंत पत्रकार होते. सातशे फुटांच्या आतली टेकडी ती. आज तिथं घरांना घरं लागली आहेत.

आता दवंड्याचा डोंगर.

६ जुलै १९६२ ची मध्यरात्र उलटून गेलेली, तारीख ७ लागलेली. अलितालिया ह्या इटालियन कंपनीचं डीसी-८ जेट विमान बँकॉकहून मुंबईला येत होतं. सिडनीहून निघालेलं, डार्विन, सिंगापूर, बँकॉक, मुंबई, कराची, तेहरान आणि शेवटी रोम असा त्याचा लांबलचक प्रवास. आत ८५ प्रवासी आणि ९ कर्मचारी. जुलैचा पाऊस, काळोख. वैमानिकानं पूर्वेकडून सरळ धावपट्टीवर यायचं ठरवलं आणि विमान खाली घ्यायला सुरुवात केली. त्याच्या समजुतीप्रमाणं मुंबई जवळ आली होती. प्रत्यक्षात ती सुमारे ८४ किलोमीटर दूर होती आणि खाली कोकण नव्हतं, सह्याद्री होता. रात्री बाराच्या पुढं दहा मिनिटांच्या सुमारास, जुन्नर तालुक्यात, सुमारे ३६०० फूट उंचीवर विमान डोंगराला धडकलं. ९४ पैकी एकही वाचला नाही.

चौकशीत जे कारण आलं ते भाच्यानं मला दोनदा वाचून दाखवलं. दिशेची, अंतराची गफलत होऊन वैमानिकाला आपण मुक्कामाच्या जवळ आहोत असं वाटलं आणि तो वेळेआधी खाली आला. जोडीला आणखी गोष्टी: उपलब्ध साधनं वापरून आपली जागा ताडून पाहिली नाही, ठरलेल्या किमान सुरक्षित उंचीच्या खाली विमान नेलं, आणि त्या वाटेवरचा मुलूख त्याच्या ओळखीचा नव्हता.

ते शेवटचं वाक्य मला फार लागलं. मुलूख ओळखीचा नव्हता. जुन्नरच्या कोणत्याही गुराख्याला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं की बाबा, मुंबईच्या आधी घाट आहे. नाणेघाट दोन हजार वर्षांपासून तिथं आहे, हरिश्चंद्रगड आहे, थोडं उत्तरेला साडेपाच हजार फुटांच्या आसपासचं कळसूबाई आहे. पण तासाला आठशे-नऊशे किलोमीटर वेगानं, अंधारात, ढगात असलेल्या माणसाला सह्याद्री म्हणजे कागदावरचा एक आकडा. शिवाय त्या वेगाचा हिशोब बघा. मिनिटाला साधारण पंधरा किलोमीटर. घड्याळाच्या गणितात पाच-सहा मिनिटं चुकली की मुंबई आणि जुन्नर एक होतात.

त्या वेळी मी बारा वर्षांचा होतो. आदल्या जुलैतलं पानशेत मला लख्ख आठवतं, घरोघर तीच चर्चा होती. ही बातमी मात्र आठवत नाही. मेलेले परदेशी, विमान परदेशी, आणि आमच्यापैकी विमानात बसलंय कोण! बेलोऱ्याहून विमानात बसलो तेव्हा कुठं कळलं की ती माणसं आपल्यासारखीच सीटचा पट्टा बांधून बसली होती.

ह्यात एक गोष्ट मनाला चटका लावून जाते. हे विमान ज्या देशातून निघालं होतं, त्याच ऑस्ट्रेलियात अंतर मोजण्याच्या ह्या यंत्रावर युद्धानंतर मोठं काम झालं होतं. डिस्टन्स मेझरिंग इक्विपमेंट, थोडक्यात डीएमई. त्याचं बीज त्याआधीच्या युद्धातलं. छत्रीधारी सैनिकांना नेमक्या शेतात उतरवण्यासाठी इंग्रजांनी दोन यंत्रांची जोडी केली होती. विमानातल्या यंत्राचं नाव रिबेका आणि जमिनीवरचं युरेका. रिबेका हाक मारायची, युरेका ओ द्यायची. पुढं टॅफी बोवेन नावाचा वेल्श शास्त्रज्ञ ऑस्ट्रेलियाच्या सरकारी प्रयोगशाळेत आला. हा रडारमधला मोठा माणूस, १९४० मध्ये इंग्लंडहून अमेरिकेला रडारचं सर्वांत मोठं गुपित घेऊन गेलेल्या पथकातला. त्याच्या हाताखाली जेम्स गेरँड ह्या इंजिनिअरनं नागरी विमानांसाठी हे यंत्र बांधलं. ऑस्ट्रेलियानं ते आपल्या प्रवासी विमानांत लवकर वापरात आणलं. बाकीच्या जगानं वेगळ्या कंपनसंख्येवरची पद्धत स्वीकारली आणि तीच आज सगळीकडं आहे.

आता ते चालतं कसं, हे मला समजलं तसं सांगतो. इंजिनिअर मंडळींनी कान पकडायला हरकत नाही.

चिखलदऱ्याला पंचबोल पॉइंट आहे. शाळेच्या सहली घेऊन मी तिथं कितीदा गेलो असेन. पोरं दरीत ओरडायची आणि आवाज परत यायचा. आवाज जायला-यायला लागलेला वेळ मोजला की समोरचा कडा किती दूर ते काढता येतं. रडारचं काम साधारण असंच. पण डीएमई म्हणजे प्रतिध्वनी नाही. समोरच्या कड्यावर एक माणूस बसवला आहे आणि तो तुमची हाक ऐकून स्वतःच्या गळ्यानं उत्तर देतो, अशी कल्पना करा. प्रतिध्वनी क्षीण होत जातो, हे उत्तर खणखणीत येतं, त्यामुळं शंभर-दीडशे मैलांवरूनही ऐकू येतं.

विमान रेडिओचे दोन छोटे ठोके पाठवतं. जमिनीवरचं यंत्र ते ऐकतं, बरोबर ५० मायक्रोसेकंद थांबतं आणि वेगळ्या कंपनसंख्येवर तसेच दोन ठोके परत पाठवतं. (एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग.) विमानातलं यंत्र एकूण वेळेतून ते ५० वजा करतं. उरलेला वेळ जाण्या-येण्याचा. रेडिओ लहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातात, त्यामुळं एका सागरी मैलाला, म्हणजे १८५२ मीटरला, जाऊन येऊन सव्वाबारा मायक्रोसेकंदांहून किंचित जास्त लागतात. दवंड्याच्या डोंगरापासून मुंबई ८४ किलोमीटर धरली तर जाऊन येऊन १६८, म्हणजे ५६० मायक्रोसेकंद. डोळ्याची पापणी लवायला ह्याच्या शेकडो पट वेळ लागतो. तेवढ्यात उत्तर मिळतं: अजून ४५ मैल, खाली येऊ नको.

मी विचारलं, ते ५० मायक्रोसेकंद मुद्दाम कशाला थांबायचं? तो म्हणाला, हाक पूर्ण ऐकून, ती खरी आहे याची खात्री करून, मग बोलायला प्रत्येक यंत्राला कमीजास्त वेळ लागेल. म्हणून सगळ्यांना सारखाच वेळ ठरवून दिला. हे मला एकदम पटलं. हजेरी घेताना काही पोरं नाव पुरं व्हायच्या आतच "हजर" म्हणतात आणि काही पुढचं नाव आलं तरी झोपेतच असतात.

मग माझी दुसरी शंका. एकाच यंत्राला शंभर विमानं एकदम हाका मारणार. उत्तरं तर सगळ्यांना सारख्याच आवाजात ऐकू येणार. आपलं उत्तर कोणतं हे विमानाला कसं कळावं? ह्याची युक्ती ऐकून मी खूष झालो. प्रत्येक विमान मुद्दाम ठेका चुकवत हाका मारतं. कधी पटकन, कधी जरा थांबून. स्वतःचा वाकडा ठेका फक्त त्यालाच ठाऊक. मग ते बघतं, माझ्या प्रत्येक हाकेनंतर ठरावीक वेळानं येणारं उत्तर कोणतं? दुसऱ्यांची उत्तरं कधी आधी पडतात, कधी नंतर. आपलं तेवढं प्रत्येक वेळी त्याच जागी पडतं. भर बाजारात आपल्या पोराचा "बाबा" कसा ओळखू येतो, तसंच म्हणा ना.

यंत्रात एक खोट आहे. ते जमिनीवरचं अंतर न मोजता तिरकं, म्हणजे काटकोन त्रिकोणातल्या कर्णावरचं अंतर मोजतं. विमान यंत्राच्या बरोबर डोक्यावर सहा हजार फुटांवर असलं तरी ते एक मैल दाखवतं. लांबून येताना हा फरक नगण्य.

उतरण्याच्या वेळी ह्या आकड्याची खरी किंमत कळते. उतरायला मदत करणारी जी मोठी व्यवस्था आहे, तिला आयएलएस म्हणतात. तिच्यात दोन अदृश्य रेडिओ वाटा आहेत. एक डावं-उजवं सांभाळते, दुसरी तीन अंशांचा उतार. त्या वाटेवर पूर्वी "मार्कर" नावाचे मैलाचे दगड असत. त्यांच्या वरून जाताना विमानात दिवा लागायचा आणि आवाज व्हायचा. पण मैलाचा दगड मैलावरच बोलतो, मधे गप्प. शिवाय तो विमानतळाच्या बाहेर, कुणाच्या तरी जमिनीत बसवावा लागतो. आणि मुंबईसारखं एका बाजूला समुद्र असेल तर काय करणार? म्हणून धावपट्टीशेजारीच डीएमई बसवायची पद्धत आली. आयएलएसची कंपनसंख्या लावली की डीएमईची आपोआप लागते. वैमानिकाला शेवटपर्यंत आकडा दिसत राहतो, आठ, सात, सहा. तीन अंशांच्या उताराला मैलामागं साधारण तीनशे फूट, एवढं पाठ असलं की झालं. पाच मैलांवर पंधराशे फूट, तीन मैलांवर नऊशे. आकडा जुळला नाही तर काहीतरी चुकलं आहे. तिसरीतल्या पाढ्यावर दीडशे-दोनशे जीव!

डोळ्यांना दिसलं म्हणजे संपलं असंही नाही बरं का. १९५३ मध्ये ब्रिटिशांचं कॉमेट जेट आणि २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअर लाइन्सचं डीसी-८, ही दोन्ही विमानं सांताक्रूझ समजून शेजारच्या चिमुकल्या जुहूला उतरली. जपानी विमान धावपट्टी संपवून पलीकडं गेलं. कुणी दगावलं नाही एवढं नशीब.

आणि होमी भाभा. २४ जानेवारी १९६६ ला एअर इंडियाचं 'कांचनजंगा' बोइंग जिनिव्हाला उतरायच्या तयारीत असताना माँ ब्लाँवर आदळलं, ११७ जण गेले. ह्या अपघाताविषयी कटकारस्थानाच्या कथा आपल्याकडं चवीनं सांगितल्या जातात. फ्रेंच चौकशीनं काढलेला निष्कर्ष त्याहून साधा आणि मला जास्त भयंकर वाटतो. दिशा दाखवणाऱ्या दोन यंत्रांपैकी एक बिघडलेलं होतं. वैमानिकानं आपली जागा चुकीची धरली. रडारवरच्या नियंत्रकाला चूक दिसली, त्यानं खरी जागा सांगितली, पण शब्द नेमके नव्हते. वैमानिकाला वाटलं की शिखर मागं पडलं, आणि तो खाली येत राहिला. जन्मभर पोरांच्या निबंधांत "संदिग्ध वाक्यरचना" असा लाल शेरा मारला मी. त्या शेऱ्याची किंमत एवढी असू शकते हे तेव्हा माहीत नव्हतं. आकड्याला मात्र असा दुसरा अर्थ नसतो.

म्हणून डीएमईवर माझी भक्ती जडली होती. ती भाच्यानंच थोडी उतरवली. २२ मे २०१० चं मंगलोर आठवतं का, म्हणाला. तिथलं रडार त्या वेळी बंद होतं, तरी डीएमई चालू होतं, मैलांचे आकडे बरोबर येत होते. मुख्य वैमानिक वाटेत बराच वेळ झोपेत होता असं चौकशीत निघालं. शेवटच्या टप्प्यात विमान हवं त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर होतं. सहवैमानिकाला ते कळलं, त्यानं पुन्हा वर जाऊ या असं सांगितलं. ऐकलं गेलं नाही. विमान फार पुढं टेकलं आणि डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवरून खाली गेलं. १६६ पैकी ८ वाचले. जुन्नरला अंतर कळलंच नव्हतं, इथं कळलं होतं.

आता जीपीएस आल्यावर हे जुनं यंत्र मोडीत जाईल असं मला वाटलं होतं. तसं झालेलं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली विमानतळाच्या परिसरात विमानांना जीपीएसचे खोटे संकेत मिळाल्याचं सरकारनं संसदेत मान्य केलं. अशा वेळी जमिनीवरची जुनी यंत्रंच कामी येतात, म्हणून ती पुरेशा संख्येनं चालू ठेवायचं धोरण आहे. भाचा ह्यावर खूष आहे. त्याची नोकरी टिकली!

परतीच्या प्रवासातही ढगच होते, सह्याद्री दिसला नाही. हिला सगळं समजावून सांगायचा प्रयत्न केला. पंचबोलपर्यंत तिनं ऐकलं. दवंड्याच्या डोंगराचं सांगितल्यावर म्हणाली, "हे तुम्ही खाली उतरल्यावर सांगाले पाहिजे होतं."

येत्या हिवाळ्यात पुन्हा मुंबईला जाणं आहे. आकाश मोकळं असलं तर जाताना डाव्या बाजूच्या खिडकीतून जुन्नरकडचे डोंगर दिसावेत. मुंबई पंचेचाळीस मैल राहिली की खाली बघा, असं भाचा म्हणतो. पण तो आकडा वैमानिकापुढं असतो, आमच्यापुढं नाही. म्हणून मी घड्याळ लावून बघणार आहे, वेग गुणिले वेळ. चुकलं तर एक डोंगर बघायचा राहील, एवढंच.